हिवाळ्यात लास वेगासची स्वस्त खोली घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही शिकागोत राहतो, जानेवारीत इथे घराबाहेर पाऊल टाकवत नाही. सासू-सासरे भारतातून आलेत, ते बिचारे दिवसभर खिडकीतून बर्फ बघत बसतात. लास वेगासच्या एका कॅसिनो हॉटेलची चार रात्रींची ऑफर आलीय, इतकी स्वस्त की विश्वासच बसत नाही. मुलगी सात वर्षांची आहे. भीती एकाच गोष्टीची, मागच्या वर्षी आमचे हे मित्रांबरोबर तिकडे गेले आणि 600 डॉलर घालवून आले. जावं का? – एक वाचक

उत्तर : जा, खरंच जा. सासू-सासऱ्यांना चार दिवस ऊन मिळेल हेच केवढं आहे. जानेवारीत तिथे दिवसा 14-15 डिग्री असतं, पण वाळवंट असल्यामुळे रात्री एकदम गारठा पडतो, तेव्हा जॅकेट आणि कानटोप्या घ्याच. स्विमिंगपूलच्या आशेवर मात्र जाऊ नका, थंडीत बरेच पूल बंद असतात, आणि मुलीला आधीच प्रॉमिस केलंत तर तिथे गेल्यावर रडारड होईल.

आता तारखा. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे सीईएस नावाचं इलेक्ट्रॉनिक्सचं भलंमोठं प्रदर्शन भरतं, त्या आठवड्यात त्याच खोल्या कितीतरी पट महाग होतात. ते संपल्यावर रविवार ते गुरुवार बघा. थर्टी फर्स्ट आणि फेब्रुवारीतला सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचा वीकेंड टाळा.

दराचं म्हणाल तर आधी खोली अगदी कमी दरात दाखवायचे आणि शेवटच्या पानावर रिसॉर्ट फी, म्हणजे हॉटेलचा सक्तीचा जादा आकार, चिकटवायचे, स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनो हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, ती रात्रीला 40-50 डॉलर सहज असते. मे 2025 पासून नियम आलाय की फीसकट आकडा आधीच दाखवायचा, पण टॅक्स त्यात धरलेला नसू शकतो, तो साधारण 13 टक्के धरा. शिवाय चेक-इनला कार्डावर डिपॉझिट म्हणून वेगळी रक्कम अडकवून ठेवतात. मी आईला घेऊन गेले होते तेव्हा डेबिट कार्ड दिलं आणि घरी परतल्यावरही आठवडाभर ते पैसे खात्यात दिसेनात, माझा जीव टांगणीला. म्हणून क्रेडिट कार्डच द्या. गाडी घेणार असाल तर पार्किंगचे पैसेही विचारून ठेवा.

खोली एवढी स्वस्त का, तर खाली कॅसिनो आहे म्हणून. बऱ्याच हॉटेलांत रिसेप्शनपासून लिफ्टपर्यंत जायचं तर कॅसिनोतूनच जावं लागतं. आई माझा हात धरून चालत होती, दोन्ही बाजूंना मशीनची टिंगटिंग, सिगारेटचा धूर, खिडकी नाही, घड्याळ नाही, बाहेर दुपार आहे की मध्यरात्र काही कळेना. जेवायला जाताना तेच, परत येताना तेच. 21 वर्षांखालच्यांना तिथून चालत जाता येतं पण थांबता येत नाही, म्हणजे बाबा खेळतायत आणि मुलगी शेजारी उभी, हे चालत नाही. सासऱ्यांना दम्याबिम्याचा त्रास असेल तर धूरबंदी असलेलं हॉटेल बघा, पार्क एमजीएम तसं आहे, नाहीतर सरळ कॅसिनो नसलेलं हॉटेल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि तुमच्या यांच्याबद्दल. तुम्ही हे एका ओळीत लिहिलंय पण पत्र त्याचसाठी लिहिलंय असं मला वाटलं. त्यांना रागावू नका, त्यांच्याबरोबर बसून हिशोब करा. उदाहरणार्थ रूलेट घ्या, फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायचे. त्या चाकावर 1 ते 36 आकडे असतात आणि वर हिरवी शून्याची घरं. एक शून्य असेल तर लावलेल्या पैशांतले सरासरी 2.7 टक्के कॅसिनोकडे जातात, दोन असतील तर 5.26, आणि स्ट्रिपवरच्या बऱ्याच टेबलांवर आता तीन शून्यं असतात, तिथे 7.69. 15 डॉलरचा डाव, तासाला 40 वेळा चाक फिरलं, म्हणजे 600 डॉलर लावले आणि सरासरी 46 गेले. एका तासात! एका रात्रीची रिसॉर्ट फी झाली ती. अधूनमधून जिंकणारही, पण जिंकलेलं पुन्हा टेबलावर जातं ना. त्यात खेळणाऱ्याला ड्रिंक फुकट.

खेळायचंच असेल तर रक्कम घरूनच ठरवून कॅशमध्ये न्या, आणि कार्डं तुमच्याकडे ठेवा. आणि ते जर म्हणाले की मागचे 600 या वेळी वसूल करतो, तर मात्र कॅसिनो हॉटेल नकोच. हरलेलं परत मिळवायची ओढ ही खरंच काळजीची गोष्ट आहे, ट्रिप होवो न होवो, याबद्दल त्यांच्याशी शांतपणे बोला.

दिवसा हॉटेलात थांबूच नका. रेड रॉक कॅनियन गाडीने अर्ध्या तासावर आहे, 13 मैलांचा वन-वे रस्ता, सासूबाईंना गाडीतून न उतरताही लाल डोंगर बघता येतील, फक्त ऑक्टोबर ते मे आधी वेळ बुक करावी लागते. हूवर धरण पाऊण तासावर. डेथ व्हॅली दोन-अडीच तास, पण उन्हाळ्यात तिथे जीव नकोसा होतो आणि जानेवारीत मस्त हवा असते, समुद्रसपाटीपेक्षा 86 मीटर खाली उभं राहायला मुलीला फार आवडेल. संध्याकाळी स्ट्रिपवरच्या बेलाजिओ हॉटेलची कारंजी, ती फुकट आहेत. तिथल्याच काचेच्या बागेत सीझनप्रमाणे फुलांची सजावट बदलते, माझी आई तिथून तासभर हलली नव्हती.