दिवाळीच्या सुट्टीत घडणारा संगीतमय भयपट कमी खर्चात कोल्हापुरात करता येईल का?

होय, निश्चित करता येईल. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी याच शहरात स्थापन झाली होती. मात्र गाणी चित्रीकरणापूर्वीच ध्वनिमुद्रित करावीत, कारण कलाकारांचे ओठ, नृत्य आणि कॅमेऱ्याची हालचाल त्या तयार गाण्यावरच बेतावी लागते आणि चाल नंतर बदलल्यास संपूर्ण दृश्य पुन्हा चित्रित करण्याचा खर्च अंगावर येतो. भीतीसाठी महागड्या दृश्यकरामती लागत नाहीत. जुन्या वाड्यातला अंधार, पणत्यांचा थरथरता उजेड आणि गोंधळाच्या पदात मध्येच थांबलेला संबळाचा ठेका माझ्या मते अधिक परिणामकारक ठरतो. संवादांची दृश्ये मात्र ऐन दिवाळीत घेऊ नयेत, कारण फटाक्यांचे आवाज ध्वनिमुद्रणात शिरतात आणि पुढे डबिंगचा खर्च वाढतो.