‘मोदक’ फाँट पाटीला शोभेल, बाटलीला नको

तुम्ही विचारलंय, देवगडजवळ ‘माजघर’ नावाची घरगुती खानावळ सुरू करताय, तर तिची पाटी आणि कोकमाच्या आगळाच्या बाटलीचं लेबल, दोन्ही ‘मोदक’ फाँटात केलं तर चालेल का? मी कुडाळात पाट्या-पत्रिकांचंच काम करतो. माझं मत: पाटी जरूर करा, लेबल नको.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी हा फाँट घडवला. इतकी गुबगुबीत देवनागरी क्वचितच दिसेल. पण खरी करामत काळ्या भागात नाही, आत सोडलेल्या पांढऱ्या रेघांत आहे. अक्षर एवढं फुगवलंय की पोटातली मोकळी जागा सुरीने चीर द्यावी तेवढीच उरलीय. तुमच्या ‘माजघर’मधला घ मोठा करून बघा. त्या बारीक चिरेवरच तो वाचता येतो. ती बुजली की घ आहे की ध, कळायला मार्ग नाही.

लेबलावर नेमकं हेच होतं. मी एकदा आगळाच्या लेबलावर बारा पॉइंटात हा फाँट लावला. छपाईत शाई पसरली, ळ चे दोन्ही डोळे मिटले आणि कागदावर नुसता गोळा उरला. गिऱ्हाईक विचारायचं, "ह्या बाटलीत काय आसा?" सगळी लेबलं परत छापून दिली. तेव्हापासून हा फाँट मी एका मोठ्या शब्दापलीकडे वापरत नाही. पत्ता, फोन, जेवणाचे दर याच संस्थेच्या ‘मुक्ता’त लावा, त्यात बारीक ते जाड अशी सात वजनं आहेत. मोदकात एकच.

पाटीवर मात्र तो खुलतो. चार अक्षरं, फूटभर उंच, चिऱ्याच्या भिंतीवर पांढरी. रंगाऱ्याकडून करून घेणार असाल तर अक्षर आधी सलग भरून मग बारीक ब्रशने भिंतीच्याच रंगाची रेघ ओढायला सांगा. व्हिनाइल कापून घेऊ नका, एवढ्या अरुंद पट्ट्या सोलताना तुटतात.

जरा भारदस्त रूप हवं असेल तर ‘यात्रा वन’ बघा. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो केलाय. चाकरमान्यांच्या नजरेला ते वळण ओळखीचं वाटेल. पण तुमच्या खानावळीला मला मोदकच आवडेल; भरल्या पोटाचं अक्षर आहे ते.

गुगल फाँट्सवर मोदक फुकट मिळतो, धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. मात्र तो युनिकोड आहे, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच संकेतावर बेतलेला. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेला मजकूर उचलून यात टाकलात तर भलतीच अक्षरं उमटतील. जुन्या कोरलड्रॉमध्ये, म्हणजे प्रेसवाले मांडणीला वापरतात त्या प्रोग्रॅममध्ये, जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. म्हणून प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करून द्या, आणि त्याआधी ‘माजघर’ एका कागदावर छापून रस्त्यापलीकडून एकदा वाचून बघा.