भूमध्य समुद्रात छोट्या जहाजावरची, तीन-चार दिवसांची आणि खिशाला परवडणारी सफर कुठली?

माझं मत विचाराल तर तुर्कस्तानातली गुलेत. गुलेत म्हणजे दोन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज, साधारण पंधरा-वीस प्रवाशांचं. फेथियेहून निघून देम्रेजवळ उतरवणारी 3 रात्री 4 दिवसांची सफर सगळ्यात प्रचलित आहे. अख्खं जहाज घ्यावं लागत नाही, एक केबिन मिळते. तीन वेळचं जेवण भाड्यात असतं. पेयांचा हिशोब मात्र शेवटी वेगळा होतो, तेवढं आधीच विचारून घ्या.

चढतानाच चपला टोपलीत काढायच्या, मग चार दिवस अनवाणी. सकाळी जहाज एखाद्या खाडीत नांगर टाकतं, शिडी पाण्यात सोडतात आणि नाश्त्याआधीच पोहून होतं. पाणी इतकं नितळ की नांगराची साखळी खालपर्यंत दिसते. वाटेतल्या केकोवा बेटापाशी भूकंपात बुडालेल्या प्राचीन वस्तीच्या पायऱ्या आणि भिंती जहाजावरूनच बघायच्या, तिथे पोहायला बंदी आहे. केबिन लहान आणि गरम असतात, म्हणून बरेच जण डेकवरच झोपतात. खरंच, ते आकाश चुकवू नका.

जुलै-ऑगस्ट टाळा. मे किंवा सप्टेंबरअखेर दर उतरतात, गर्दीही कमी असते.

बेटंच बघायची असतील तर अथेन्सजवळून सुटणाऱ्या 3-4 रात्रींच्या ग्रीक क्रूझ आहेत, पण ती जहाजं बरीच मोठी. त्यातल्या काही तुर्कस्तानात कुशादासीला थांबतात, म्हणजे ग्रीसबाहेर जाऊन परत ग्रीसमध्ये यावं लागतं; तेव्हा ग्रीससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) लागत असेल तर तो मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा काढा.