कोरड्यास ओलं कसं?

प्रश्न असा आलाय: "माझ्या सासूबाई सासवडकडच्या. सकाळी डब्यांची घाई सुरू झाली की त्या विचारतात, 'कोरड्यास काय करायचं?' माझं माहेर सदाशिव पेठेतलं. आमच्याकडे 'भाजी काय?' एवढंच असायचं. मुलगा कॉलेजात आहे, तो 'ड्राय आहे की ग्रेव्ही?' असं विचारतो. गंमत म्हणजे सासूबाईंचं कोरड्यास बहुतेक वेळा चांगलं रसरशीत असतं. मग त्याला कोरडं का म्हणायचं? आणि कोरड्यास, कालवण, तोंडीलावणं हे सगळं एकच की वेगवेगळं?"

सासूबाईंच्या शब्दात कोरडी आहे ती भाकरी. 'कोरडा'चं सामान्यरूप 'कोरड्या', त्याला चतुर्थीचा 'स' लागला की 'कोरड्यास', म्हणजे कोरड्याला, कोरड्यासाठी. 'देवास नैवेद्य' मधला जो 'स', तोच हा. भाकरी नुसती घशाखाली उतरत नाही, तिच्यासाठी जे काही ओलं, आंबट-तिखट केलं जातं ते कोरड्यास. 'कोरड्या भाकरीस काय केलंय?' असं वाक्य मनात धरा आणि त्यातली भाकरी काढून टाका. ती बोलून दाखवायची गरजच नव्हती. ती असणार हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे कोरड्यास पातळ निघालं तर त्यात विसंगती काही नाही. कोरडी भाकरी घशाखाली उतरवणं हेच त्याचं काम.

व्याकरणाच्या अंगाने यात एक मजा आहे. मुळात विभक्ती लागलेलं हे रूप, पण रोजच्या वापराने त्याचं सरळ नाम झालं. सासूबाई 'कोरड्यासाला फोडणी दिली', 'कोरड्यासात मीठ जास्त झालं' असंही म्हणत असतील, कान देऊन ऐका. विभक्ती लागून तयार झालेल्या शब्दाला बिनदिक्कत पुन्हा विभक्ती! 'परसाकडला जाणे', म्हणजे शौचाला जाणे, यात हेच झालंय: 'कडे' होतंच, वर 'ला' आला. (जेवणाच्या चर्चेत हे उदाहरण घेतल्याबद्दल क्षमस्व, पण याहून चपखल दुसरं आठवेना.)

आता उरलेले दोन शब्द. कालवण हे 'कालवणे' या क्रियापदावरून. भाकरी ताटात चुरायची, वरून रस्सा ओतायचा, बोटांनी सगळं एकजीव करायचं. ज्याने कालवलं जातं ते कालवण. देशावर मटणाचं, अंड्याचं, वांग्या-बटाट्याचं, कशाचंही कालवण चालतं. कोकण किनाऱ्यावर मात्र नुसतं 'कालवण' म्हटलं की मासे आलेच, आणि तिथे ते भातावर. म्हणजे कालवण पातळ हवंच. कोरड्यासाला ती अट नाही, वांग्याचं भरीतही कोरड्यास होऊ शकतं. पण चटणी-कांदा या पंगतीत बसत नाही. 'कोरड्यास काही नव्हतं, मग कांदा-चटणीवर भागवलं' असं बहुतेकांच्या बोलण्यात येतं. चटणीला मान नाही असं नव्हे, पण तिच्यासाठी चूल पेटत नाही.

तोंडीलावणं त्याहून लहान. तुमच्या माहेरच्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं असतं, ती सगळी तोंडीलावणी. भाजी आणि आमटी उजवीकडे. डावीकडचं बोटभर घ्यायचं, घासाला तोंडी लावायचं, सोडून द्यायचं. पुणेरी बोलण्यात 'सोबत तोंडी लावायला दोन टोमणे' असतात, ते प्रमाणही साधारण तेवढंच. (मोठ्या प्रमाणावर दिले तर ते मुख्य जेवण होतं आणि पाहुणा परत येत नाही.)

या तिन्ही शब्दांकडे जरा एकत्र बघा. एकातही पदार्थ कशाचा आहे ते कळत नाही. वांगं, मटकी, पिठलं, मटण, काहीही असो. नाव पडलंय ते कामावरून. कोरड्याला साथ देणारं, कालवायला घ्यायचं, तोंडी लावायचं. तिघांचीही नजर ताटातल्या दुसऱ्याच कशावर तरी आहे, आणि ते दुसरं म्हणजे धान्य. भाकरी किंवा भात हे जेवण, बाकी सगळं त्याच्या सेवेला. पुरंदर (सासवड त्यातच येतं), शिरूर, दौंड हा पावसाला मोताद मुलूख. जमीन कोरडवाहू, पीक बाजरी-ज्वारीचं. कालवा किंवा विहीर असेल तिथे भाजीपाला. नाही तर उन्हाळ्यात मदार हुलगे, मटकी, बेसन, सांडगे यांवर. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी हे तिथलं खरं कोरड्यास. पीठ तिखट-मिठात मळून, हातावर वळून उकळत्या रश्शात सोडायचं, आणि पीठ सुटून रस्सा दाट होईपर्यंत शिजू द्यायचं. मूठभर पिठात पातेलं भरतं. दोन-तीन भाकऱ्या खाणाऱ्या माणसाला कोरड्यास किती लागायचं? भाकरी उतरेल इतकं.

मुलाच्या ताटात आज बरोबर उलटा हिशोब असणार. पोळ्या दोन, भाजी वाटीभर, शिवाय दुसरी वाटी डाळीची. जिमचे सर सांगतात म्हणून एखादे वेळी पोळीलाही सुट्टी. जेवणाचं केंद्रच धान्याकडून भाजीकडे सरकलंय. मग 'कोरड्यास' म्हणायचं तर कोणत्या कोरड्यास? शब्द गावंढळ वाटला म्हणून गेला असं अनेकजण सांगतात. तेही थोडं खरं आहे, शहरात आलेल्या सुनांनी तो पाहुण्यांपुढे गिळला असेल. पण माझ्या मते त्याचं कामच काढून घेतलं गेलं, हे मोठं कारण.

यात गव्हाचा हात आहे. कोरडवाहू गावांत गहू सणावारी. 1960 च्या दशकात पीएल-480 या अन्नमदतीच्या कराराखाली अमेरिकेचा गहू भारतात मोठ्या प्रमाणावर आला आणि रेशनच्या दुकानांतून घरोघर पोचला. मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या वाणांनी त्याच दशकात उत्तरेत गव्हाचं उत्पादन वाढवलं, तो गहूही पुढे रेशनवर येत राहिला. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी सासूबाईंच्या घरात निघत असतील तर मिलो आणि सुकडी हे दोन शब्द हमखास येतील. सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेलं भाजलेल्या पिठाचं पूरक अन्न. मिलो ही अमेरिकेची तांबडी ज्वारी, तिची भाकरी कशी लागायची हे जरूर विचारा. उत्तर सभ्य शब्दांत मिळेलच असं नाही. एकदा गव्हाची सवय लागल्यावर भाकरी रोजची राहिली नाही. ती थापायला हात बसलेला लागतो, आणि गार झाली की कडक होते. चपाती तेल लावून डब्यात घातली तर दुपारपर्यंत मऊ.

पुण्यातला पोळी-चपातीचा जुना वादही इथेच येऊन मिळतो. पेठांतला माणूस रोजच्या गव्हाच्या पदार्थाला पोळी म्हणतो आणि चपाती ऐकलं की भुवई उंचावतो. गावाकडे मात्र 'पोळ्या केल्या' म्हणजे पुरणाच्याच केल्या, दारात सण उभा आहे. पोळी हा शब्द असा सणाने अडवून ठेवलेला, मग रेशनच्या गव्हाचं रोज जे होऊ लागलं त्याला वेगळं नाव नको? चपाती तिथे बसली. ते अशुद्ध वगैरे काही नाही. दोन घरांत गहू वेगवेगळ्या काळात रोजचा झाला, त्याची ती खूण. सासूबाई चपाती म्हणत असतील तर त्यांना दुरुस्त करायच्या फंदात पडू नका.

डब्याने आणखी एक उलथापालथ केली. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, नंतर पिंपरी-चिंचवडचा पट्टा कारखान्यांनी भरत गेला आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं पाळीवर जाऊ लागली. सायकलच्या हँडलला किंवा एसटीत मांडीवर ठेवलेल्या डब्यात कालवण सांडणार. मग डब्याला परतलेली भाजी, बटाट्याची काप करून, मटकी मोकळी. कोरड्याला साथ द्यायला केलेलं कोरड्यास स्वतःच कोरडं झालं. तुमच्या सासूबाई डबा भरताना हा शब्द वापरतात म्हणून तुम्हाला तो जास्त खटकला असेल. डब्यापुरता त्याचा अर्थ आता दोन्ही बाजूंनी कोरडा आहे.

आता चिरंजीवांची ग्रेव्ही. इंग्रजीत हा शब्द शिजलेल्या मांसातून सुटणाऱ्या रसाचा. आपल्याकडे तो पंजाबी हॉटेलांच्या मेन्यूकार्डावरून कांदा-टोमॅटोच्या वाटणाला चिकटला. आजीच्या रश्शाला दाटपणा यायचा शेंगदाण्याच्या कुटाने, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याने किंवा येसराने (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाने), आणि आंबटपणा चिंचेने. टोमॅटो नंतरचा, गावाकडच्या म्हाताऱ्या त्याला भेदरं किंवा बेलवांगं म्हणत, म्हणजे त्यांच्या लेखी तो वांग्याचाच कुणी चुलतभाऊ होता. (वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने बरोबरच म्हणत.) पण ग्रेव्ही आणि कालवण यांत खरा फरक मसाल्याचा नाही. ग्रेव्ही पनीरची असते, कोफ्त्याची असते. ती भाजीच्या आतली गोष्ट. कालवण भाकरीसाठी असतं. 'ड्राय की ग्रेव्ही' या प्रश्नात भाकरी-पोळी कुठेच नाही, कारण विचारणाऱ्याच्या डोळ्यापुढे ती नाहीच.

मग भाकरी परत आली तर शब्दही परत येईल? भाकरी आली आहे. सिंहगडावर ती कधी गेलीच नव्हती, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही घेतल्याशिवाय कुणी गड उतरत नाही. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, ज्वारीला डॉक्टरांचं प्रशस्तिपत्र मिळालं, हॉटेलात भाकरी चपातीपेक्षा महाग लागते. पण त्याच मेन्यूकार्डावर शेजारी 'सुकी भाजी' आणि 'रस्सा' लिहिलेलं असतं, कोरड्यास नाही. भाकरी परतली ती एक पदार्थ म्हणून. जेवणाचा पाया म्हणून ती परतलेली नाही, त्यामुळे तिच्यावर उभा असलेला शब्दही परतला नाही.

एका जागी मात्र जुना हिशोब शाबूत आहे आणि तो तुमच्या मुलाच्याही तोंडी असेल. 'व्याकरण कशाशी खातात हे त्याला माहीत नाही' असं आपण सर्रास म्हणतो. कशाशी! कोणताही नवा पदार्थ पुढे आला तर पहिली शंका, हा कशाबरोबर खायचा? एकट्याने खायची वस्तू ही कल्पनाच त्या प्रश्नात बसत नाही. पिझ्झा कशाशी खातात असं आजीने विचारलं तर नातू हसतो, पण तिचा प्रश्न मराठीला धरून आहे.

तुम्ही न विचारलेली पण पुढे नक्की विचाराल अशी बाब, लेखन आणि लिंग. शब्द नपुंसकलिंगी: कोरड्यास चांगलं झालंय. बोलताना 'र' बऱ्याचदा गळतो आणि कोड्यास ऐकू येतं. सासूबाईही तसंच म्हणत असण्याची दाट शक्यता आहे. लिहिताना कोरड्यास लिहावं, कथेतला संवाद असेल तर कोड्यास खुशाल लिहा. 'कोड्यात पडणे' मधल्या कोड्याशी त्याचा संबंध नाही, जरी सकाळी साडेसहाला काय करायचं या प्रश्नापुढे तो जोडावासा वाटला तरी.