‘चांगलं कोलेस्टेरॉल’ : यातलं चांगलं ते काय?

प्रश्न : रिपोर्टात एचडीएल ६२ आहे. त्याला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात, म्हणजे जितकं जास्त तितकं हृदयाला बरं का? आणि याला मराठीत काय म्हणावं?

तसा अर्थ काढू नये. कोलेस्टेरॉलचा रेणू एकच. त्यात चांगला-वाईट भेद नाही. ते रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनं आणि मेद मिळून झालेल्या कणांतून फिरतं. हे कण म्हणजे लायपोप्रोटीन, मराठीत मेदप्रथिन. एचडीएलमध्ये प्रथिनाचा वाटा मोठा, म्हणून ते ‘उच्च घनता मेदप्रथिन’. घनता कणाची, कोलेस्टेरॉलची नव्हे.

‘चांगलं’ हे विशेषण खरं तर एचडीएलच्या कामाला लागू होतं. रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल खाऊन फुगलेल्या पेशी असतात. ‘ब्लॉकेज’ची सुरुवात तिथली. एबीसीए१ नावाचं प्रथिन त्या पेशींतून कोलेस्टेरॉल बाहेर काढतं, एचडीएल ते उचलतं, यकृतातला एसआर-बी१ हा ग्राही ते उतरवून घेतो आणि पुढे ते पित्तातून बाहेर पडतं. रिपोर्टातला आकडा यातलं काहीच मोजत नाही. एक डेसिलिटरमागे एचडीएल कणांत किती मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आहे, एवढंच तो सांगतो. नाक्यावर भरलेल्या कचरागाड्या मोजून गल्ली झाडली गेली की नाही ते कसं कळणार?

गाड्या रिकाम्याच होत नसतील तर? एसआर-बी१च्या जनुकात एक दुर्मीळ बिघाड असलेल्यांचं एचडीएल भरपूर असतं, तरी त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं २०१६ मध्ये दिसलं. त्याआधी टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल सुमारे ७० टक्क्यांनी वाढवलं, पण मृत्यूही वाढले (औषधाने रक्तदाबही चढत होता) आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. उलट २०१४ च्या डॅलसमधल्या अभ्यासात पेशींतून कोलेस्टेरॉल उपसण्याची क्षमता ज्यांच्यात जास्त, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले; एचडीएलचा आकडा हिशेबात धरूनही. ही क्षमता नेहमीच्या लॅबमध्ये मोजत नाहीत.

म्हणून आकड्याला ‘एचडीएल-कोलेस्टेरॉल’ म्हणावं आणि कामाला ‘एचडीएलची कार्यक्षमता’. ‘एचडीएल वाढवा’ हा जाहिरातीतला प्रयोग मात्र टाळलेला बरा. आकडा पुरुषांत ४०च्या, स्त्रियांत ५०च्या खाली असेल तर तो धोक्याची खूण आहेच. पण औषधाचा रोख ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हटल्या जाणाऱ्या एलडीएलवर असतो. ६२ बघून एलडीएलची गोळी स्वतःहून बंद करू नये.