बांधावरचा ऐन तोडू का? भात खाचरवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं

मंडळी, रोहिणी तोंडावर आल्यात आणि अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातनं, राजूर भंडारदरा बाजूनं, सेंद्रिय भाताबद्दल बरेच प्रश्न साठलेत, म्हणून एकदमच लिहितो.

एका दादांनी विचारलंय, "साहेब, यंदा सेंद्रिय करायचंय, बांधावर ऐन, हिरडा, जांभूळ आहे, सावलीनं कडेचं भात मार खातं, झाडं काढून जेसीबीनं बांध बारीक करून घेऊ का?"

नका करू दादा. एक तर ही तिन्ही झाडं वृक्षतोडीच्या कायद्यात अनुसूचित आहेत, स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि फवारणी बंद करायची म्हणताय तर तुमच्या खोडकिड्याला खाणार कोण? ती सगळी पलटण बांधावरच राहते. कोतवाल झाडावर बसून उडते पतंग टिपतो, बेडूक गवतात असतात, चतुर आणि कोळी फुटव्यात फिरतात. लावणीनंतर पानाच्या शेंड्यावर तपकिरी केसाळ ठिपका दिसला ना, तर तो खोडकिड्याच्या अंड्यांचा पुंजका, फेरी मारताना तेवढा शेंडा खुडत चला. सोबत ट्रायकोग्रामाची, म्हणजे किडीची अंडी संपवणाऱ्या बारीक मित्रकीटकाची, कार्डं लावता येतात, पण बांध चकाचक करून कार्डं लावायची म्हणजे घरची माणसं हाकलून रोजंदारीवर गडी लावण्यासारखं झालं. सावलीचा त्रास खरा आहे, मी नाही म्हणत नाही, त्यासाठी पावसाआधी फक्त खालच्या फांद्या छाटा. हिरड्याला हात लावताना जरा विचार करा, बाळहिरड्याचे, म्हणजे वाळवलेल्या कोवळ्या फळांचे, पैसे घरात येतातच की.

दुसरा प्रश्न एका ताईंचा, राब भाजणं, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळणं, सेंद्रियमध्ये बसतं का? ताई, राबाची पद्धत आपल्याकडं जुनी आहे, तणाचं बी जळतं, राख मिळते, म्हणून रोपं जोरात येतात. अडचण अशी की दरवर्षी ऐनाचे टहाळ ओरबाडून झाडाचा नुसता खांब उरतो आणि वरच्या थरातला जीव भाजून निघतो. त्यापेक्षा गादीवाफे करा, भाताच्या तुसाची काळी राख आणि कुजलेलं शेणखत मिसळा, राखेतल्या सिलिकानं रोप टणक होतं. चारसूत्री भात म्हणून चार सूत्रांची लागवड पद्धत आहे, तिच्यातलं हेच पहिलं सूत्र आहे. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचं, गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला चिखलणीआधी पसरायचा, आठवड्यानं उरलेल्या काड्या वेचून टाकायच्या. चारसूत्रीतल्या युरिया डीएपीच्या गोळ्या मात्र आपल्याला चालत नाहीत, तेवढं सोडा. गिरिपुष्प मूळचं बाहेरचं झाड आहे, बांधावर मोकळी जागा असेल तिथं लावा, ऐन काढून नको. आणि काही जण देवराईतला पाचोळा पोत्यानं भरून आणतात असं कानावर आलंय, ते बंद करा, देवराईचा पाचोळा तिथंच कुजला पाहिजे, खालचे झरे त्याच्यावर आहेत.

वाण कोणतं हे तर सगळेच विचारतात. काळभात, जिरवेल, आंबेमोहोर आपल्याच भागात टिकून आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 ला पद्मश्री मिळाली ती असलीच बियाणी जपल्याबद्दल. उतारा संकरित भातापेक्षा कमी येणार, हे आधीच सांगून ठेवतो, दर मिळाला तरच हिशोब जमतो, त्यामुळं पहिल्या वर्षी सगळं रान त्यात घालू नका, दोन खाचरं करा. ही उंच वाणं आहेत, शेणखत जास्त झालं तरी लोळतात. बी पेरण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ टाकून बुडवा, वर तरंगेल ते पोचट काढून टाका, तळाचं दोनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा.

वरचा शेजारी फवारतो, त्याचं पाणी आमच्या खाचरात उतरतं, हा प्रश्न तिघांचा आलाय. डोंगरउताराला हे होणारच. फवारणीनंतर काही दिवस त्याचं पाणी बाजूच्या चारीनं काढून द्या, कडेच्या ओळींचं भात वेगळं झोडा आणि सेंद्रिय म्हणून विकू नका. खरं तर त्यालाच गटात ओढा, कारण पीजीएस, म्हणजे शेतकरी गटानंच एकमेकांची हमी द्यायच्या सेंद्रिय प्रमाणपत्राला किमान पाच शेतकरी लागतातच आणि एकमेकांचं रान तुम्हालाच तपासायचं असतं. युरिया, फवारणी कधी थांबवली याची तारीख आजच वहीत लिहून ठेवा, नंतर तपासणीला आठवत नाही आणि मग भांडणं होतात.