समुद्राच्या तापमानाचा मूळ डेटा सुरक्षित असताना, तो पाहण्याचे सोपे पान बंद झाल्याने काय बिघडते?

हाच प्रश्न माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सात वर्षांपूर्वी विचारला होता आणि तो अजून सलतो, म्हणून हे उत्तर.

मी तेव्हा समुद्राच्या एका लहानशा पट्ट्याच्या पृष्ठीय तापमानावर काम करीत होतो. एका संस्थेच्या पानावर अक्षांश, रेखांश आणि महिने भरले की तेवढाच तक्ता मिनिटभरात हाती येत असे. एके दिवशी ते पान गेले आणि तिथे फाइलींची लांबच लांब यादी आली. ओआयएसएसटी ही समुद्राच्या पृष्ठीय तापमानाची दैनिक मालिका सप्टेंबर 1981 पासूनची, पाव अंशाच्या ग्रिडची आणि दर दिवसाला एक फाइल अशी आहे. म्हणजे एका चौकोनाच्या इतिहासासाठी रोजचे 1440 गुणिले 720 चौकोन उतरवून घ्यायचे आणि एक ठेवून बाकीचे टाकायचे. त्यात माझे तीन आठवडे गेले. सहकारी म्हणाले, "डेटा जागेवरच आहे, गेली ती तुमची चैन."

मला हे तेव्हाही पटले नाही. पूर्वी समुद्राचे तापमान जहाजांवरून दोन रीतींनी मोजले जाई. बादलीने वर ओढलेले पाणी बाष्पीभवनाने निवते, तर इंजिनासाठी आत घेतलेले पाणी किंचित कोमट होते. दुसरे महायुद्ध संपताच कोणत्या रीतीच्या जहाजांची मोजमापे अधिक, हे प्रमाण बदलले आणि 1945 मध्ये जागतिक मालिकेत खोटी घसरण उमटली, जिच्याकडे 2008 पर्यंत पुरेसे लक्ष गेले नव्हते. असल्या खोडी सापडायच्या, तर आलेख सहज काढून पाहणारे डोळे पुष्कळ हवेत. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पुरानंतर अॅशव्हिलमधील अमेरिकी पर्यावरण-माहिती केंद्राची यंत्रणा ठप्प झाली. डेटा शाबूत होता, पण तेवढे दिवस तो असून नसल्यासारखाच होता.

तेव्हा लागणारा भाग स्वतःकडे उतरवून ठेवा, कोणी त्याला साठेबाजी म्हणो (सहकाऱ्यांचाच शब्द). हवा तेवढाच तुकडा देणारे अर्डॅप (ERDDAP) सर्व्हर आहेत, तिथून सुरुवात करा. पृष्ठभागाखालचे तापमान हवे असेल, तर समुद्रात आपोआप खाली-वर जात तापमान मोजणाऱ्या आर्गो तरंडांची (तरंगत्या यंत्रांची) मोजमापे फ्रान्समधील ब्रेस्ट आणि अमेरिकेतील मॉन्टेरे या दोन्ही केंद्रांत असतात.

मात्र या मालिकांमध्ये मागाहून दुरुस्त्या होतात, म्हणून आवृत्ती आणि उतरवल्याची तारीख लिहिल्याशिवाय प्रत ठेवू नये. माझ्या साठ्यातील दोन वर्षांच्या फाइलींवर यांपैकी काहीच लिहिलेले नाही. त्या मी अद्याप वापरू शकलेलो नाही आणि हे सहकाऱ्यांना सांगितलेलेही नाही.